काकूंचा गुडघा आणि धारवाड

आमच्या काकू खोटे कधी बोलल्या नाहीत. तसा प्रसंग आला की त्या उजवा गुडघा थोडा पुढे करीत, त्यावरून हात फिरवीत आणि गप्प बसत. पुढचे सगळे गुडघाच बोले. संकष्टीला देवळात का दिसला नाहीत, आमटी खारट कशी झाली, अमकीच्या बारशाला का आला नाहीत, कोणीही काहीही विचारो, काकूंच्या तोंडून हलकेच "स्स्" असे निघे आणि विचारणाऱ्या बाईला आपणच काही वाईट बोललो असे वाटू लागे. मी त्यांच्या शेजारी बसलेली असे. माझ्याकडे कोणी पाहिले तर मी खाली पाही. मुळात मी कोणाच्या तोंडाकडे पाहणारी नव्हतेच, त्यामुळे आमचे दोघींचे चांगले जमत असे.

माझे आईवडील पटकीच्या साथीत गेले तेव्हा मी रांगत होते. काका ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी मला आणले आणि काकूंनी वाढवले. आमचे घर कोपरीच्या अंगाला होते. मागच्या दारी उभे राहिले की आगगाडीची शिटी ऐकू येई, आणि काकू हातातले काम टाकून म्हणत, "गेली बघ." कुठे गेली ते त्यांना ठाऊक नसे. त्यांची धाकटी बहीण धारवाडला दिलेली होती. लग्नानंतर दोघींची भेट झाली नव्हती. ती जिकडे आहे तिकडेच सगळ्या गाड्या जातात, अशी काकूंची समजूत होती.

गुडघ्याला दुखापत झाली ती मंगळागौरीत. मी तेव्हा मुलींच्या शाळेत तिसरीत होते. शेजारच्या घरी नव्या सुनेची मंगळागौर होती, आणि दुपारपासूनच झिम्मा, पिंगा असे सुरू झाले होते. काकूंच्या वयाच्या बायका भिंतीला पाठ लावून गाणी सांगत होत्या. काकूही तशाच बसल्या असत्या, पण ती नवी सून लाडाने म्हणाली, "काकू, तुम्ही नुसतं बघा. बसफुगडी तुम्हांला नाही झेपायची." झाले. काकूंनी पदर खोचला आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. बसफुगडीत हात धरून, बसल्या बसल्या उड्या मारीत, एकेक पाय पुढे टाकायचा असतो. सून धापा टाकू लागली तरी काकू थांबेनात. शेवटी सुनेने हात सोडला आणि त्याच क्षणी काकूंच्या गुडघ्यात वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. सगळ्या बायका धावल्या. काकू जमिनीवर पडल्या पडल्या विचारीत होत्या, "आधी हात कुणी सोडला? तिनेच ना?"

काकांना मात्र पाय उंबऱ्यात घसरला असे कळले. हे त्यांना कोणी सांगितले नाही. काकूंनी उंबऱ्याकडे पाहिले, मग गुडघ्याकडे पाहिले. एवढ्यावरून काकांनी जे समजायचे ते समजून घेतले. तिथपासून त्या गुडघ्याला बोलायची सवय लागली.

वैद्यांनी आंबेहळदीचा लेप सांगितला आणि निर्गुडीच्या पाल्याचा शेक. सूज काही उतरेना, तेव्हा काकांनी धमनी, म्हणजे बैलांची छपराची गाडी, सांगून काकूंना सरकारी दवाखान्यात नेले. मीही बरोबर होते. डॉक्टर बोलत ते काकांशी. काका तेच शब्द पुन्हा काकूंना सांगत, जणू मध्ये डोंगर आहे. काकू काकांना उत्तर देत आणि काका ते डॉक्टरांना. डॉक्टर म्हणाले, वाटीखालची शीर जबर ताणली आहे. तुटली असती तर टाच जमिनीवरून उचलता आली नसती. उचलते आहे, म्हणजे बरी होईल, पण कामट्या बांधून पाय सरळ ठेवला पाहिजे. मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, गुडघे टेकायचे नाहीत.

यातले शेवटचे वाक्य काकूंना फार आवडले. त्यानंतर घरात कशावरूनही वाद झाला आणि काकांची सरशी होऊ लागली की त्या शांतपणे म्हणत, "माझा नाइलाज आहे. मला डॉक्टरांनी गुडघे टेकायला मनाई केलीय." काका डोक्याला हात लावून कचेरीत निघून जात.

पाय सरळ ठेवायचा तर पाटावर बसता येईना. घरात खुर्ची एकच होती, काकांची. ती काकूंना मिळाली. बाईमाणसाने खुर्चीवर बसायचे, आणि यजमान समोर पाटावर, असे दृश्य आमच्या आळीत कोणी पाहिले नव्हते. पहिले दोन दिवस काकूंना फार लाज वाटली. कडी वाजली की त्या उठायची धडपड करीत. मग लाज गेली. त्या खुर्चीत बसून पोळीची कणीक मळून देत, मी चुलीपुढे बसून पोळ्या भाजत असे. "परतव, परतव. साहेब बघतोय," असे म्हणून त्या स्वतःच हसत.

याच दिवसांत कल्याणहून आमच्या आत्याबाई आल्या. या काकांच्या धाकट्या बहीण. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण जगातली सर्व कामे उरकून टाकण्यासाठीच असतात असे त्यांचे मत होते. त्यांनी दारातून काकूंना खुर्चीवर पाहिले आणि विचारले, "वहिनी, मुजरा करू की आत येऊ?" काकूंनी पायाला बांधलेली पट्टी दाखवली. ती पट्टी पिवळ्या जुन्या शेल्याची होती. आत्याबाई म्हणाल्या, "अगबाई, लग्न ठकूचं काढायला आले मी, आणि गुडघ्याला बाशिंग तुम्ही बांधून बसलात."

ठकू म्हणजे मी. आत्याबाईंनी त्यांच्या शेजारच्याच घरातले स्थळ आणले होते. मुलगा चांगला होता, शिकत होता. मी त्यांच्याच घरात आज इतकी वर्षे आहे, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार असण्याचे कारण नाही. अडचण एवढीच होती की विहीणबाईंना शाळेत जाणारी सून नको होती. लग्न ठरले की पाटी बंद, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. आणि आत्याबाईंना तुळशीचे लग्न झाले की लगेच, मार्गशीर्षात, माझे उरकायचे होते.

 आत्याबाई झोपाळ्यावर जरा लवंडल्या तेव्हा काकूंनी मला जवळ बोलावून विचारले, "ठकू, धारवाड कितवीत येतं?"

तिसरीच्या भूगोलात आमचा ठाणे जिल्हा होता. मुंबई इलाख्याचा नकाशा चौथीत असे. हे मी त्यांना पूर्वी एकदा सांगितले होते. मी म्हटले, "चौथीत."

"मग तोवर नाही," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते मला कळले नाही.

संध्याकाळी काका आले, आणि स्वयंपाकघरात दोघांचे बोलणे झाले. काकूंचे म्हणणे, मुलगी धारवाडपर्यंत जाऊ दे, मग काय ते करू. काका भिडस्त. ते बाहेर येऊन बहिणीला म्हणाले, "तिचं म्हणणं असं पडलं की धारवाडपर्यंत जरा थांबावं." आत्याबाईंनी याचा अर्थ एकच घेतला. धारवाडला काकूंची बहीण आहे, म्हणजे तिने तिकडचे कोणी स्थळ काढले आहे. त्या दुसऱ्याच दिवशीच्या गाडीने कल्याणला परत गेल्या आणि विहीणबाईंना सांगितले की मुलीला दुसरीकडून मागणी आहे. काही दिवसांनी त्या पुन्हा आल्या आणि खुर्चीसमोर बसून त्यांनी सरळ विचारले, धारवाडचे ते कोण आहेत, घरचे काय आहे.

काकूंनी गुडघ्यावरून हात फिरवला. "लांब आहे हो धारवाड, वन्सं," एवढेच त्या म्हणाल्या.

"तुमच्या मनात काय आहे?"

"माझ्या मनात काय असायचं? हा पाय दुमडत नाही तोवर मी कन्यादानाला पाटावर कशी बसू, ते सांगा."

कन्यादानाला काकांच्या शेजारी काकूंनी बसायचे, यात कोणालाच शंका नव्हती, आणि खुर्चीवर बसून कन्यादान झालेले कोणी ऐकले नव्हते. धारवाडच्या धास्तीने विहीणबाईही थांबायला तयार झाल्या. आत्याबाई जाताना मला म्हणाल्या, "तू तरी सांग गं, काय आहे धारवाडात?" मी म्हटले, कापूस पिकतो. चौथीच्या मुली तसे पाठ म्हणत.

दसऱ्यानंतर शाळेत मला वर्षाच्या मध्येच वर चढवले, अशी मी चौथीत गेले आणि नकाशा घरी आला. काकूंनी तो मांडीवर घेतला. मी ठाणे दाखवले, मग बोट खाली खाली नेत धारवाड दाखवले. त्यांनी आपली वीत लावून पाहिली. तेवढीही भरली नाही. "एवढंच?" त्या म्हणाल्या, "आणि मेली इतकी वर्षं आली नाही." मग त्या नाक पुसत स्वयंपाकघरात गेल्या. चालत गेल्या, आणि बऱ्यापैकी चालत गेल्या.

कारण पाय बरा झाला होता. दसऱ्याच्या सुमारास काका कचेरीत असताना मी आणि काकू दवाखान्यात गेलो होतो. तेव्हा डॉक्टरांनी कामट्या काढल्या होत्या आणि पाय आता थोडा थोडा वाकवायला लागा असे सांगितले होते. घरी येताच काकूंनी कामट्या होत्या तशा बांधल्या. मला कोणी काही विचारले नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायची मला सवय नव्हती. दिवाळी झाली, मार्गशीर्ष गेला. काकू खुर्चीत बसून माझ्याकडून नद्या पाठ करून घेत आणि कोणी आले की "स्स्" करीत. पौषाच्या शेवटी शाळा तपासणारे डिपोटी आले, परीक्षा झाली, मी चौथी पास झाले. काकूंनी त्या दिवशी साखर वाटली. पायाच्या पट्ट्या सोडून त्यांनी चौकात फेकल्या आणि मला म्हणाल्या, "आण पाट. बघू."

पाट आणला. काकू खाली वाकल्या, पाय वाकवायला गेल्या, आणि तशाच भिंतीला धरून उभ्या राहिल्या. पाय दुमडेना. इतके दिवस सरळ ठेवून तो तसाच धरला होता. आधी त्यांना वाटले, सवय गेली म्हणून असेल. मग त्यांनी दोन्ही हातांनी नेट लावला आणि त्यांचा चेहरा पांढरा झाला. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून "स्स्" न येता नुसतेच डोळ्यांतून पाणी आलेले पाहिले.

काकांनी पुन्हा धमनी सांगितली. डॉक्टरांनी गुडघा पाहिला, आणि ते काकांना म्हणाले, "शीर बरी आहे. पण सांधा आखडला. मी दसऱ्यालाच सांगितलं होतं, वाकवायला लागा म्हणून." या वेळी काकांनी हे काकूंना परत सांगितले नाही. काकूंनी पदर पुढे ओढला. मी भिंतीवरच्या चुन्याकडे पाहत राहिले. डॉक्टर म्हणाले, आता रोज शेक, रोज तेल, आणि रोज दुखेल तिथवर वाकवायचा, जोर करायचा नाही आणि एक दिवसही चुकवायचा नाही.  परतताना घर जवळ आले तेव्हा काका म्हणाले, "म्हणजे माझी खुर्ची मला दसऱ्यापासून परत मिळायला हवी होती."

एवढेच. त्याहून जास्त ते आयुष्यात कधी बोलले नाहीत.

पण आत्याबाईंना आता कशाचीच धास्ती उरली नव्हती. मुलगी चौथी झाली, धारवाडचे कोणी आले नाही, फाल्गुनात मुहूर्त चांगला होता. त्यांनी तोड काढली. बायको हजर नसली की पुरुषाने कमरेला सुपारी खोचून धर्मकृत्य करावे अशी रीत आहे. "वहिनींना कशाला त्रास?" त्या म्हणाल्या, "दादा सुपारी लावून एकटा बसेल. वहिनी आपल्या खुर्चीवरून बघतील."

त्यांनी हे चांगल्या मनानेच सुचवले असावे.  त्या गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "तुला न्हाऊमाखू घातलं मी, गोवर काढला मी, वेणी घालताना ओरडा खाल्ला मी, आणि पाण्याची धार सोडताना कोण, तर सुपारी." आणि थोड्या वेळाने, "तीसुद्धा वन्संच्या घरची."

दुसऱ्या दिवसापासून काकूंचा खरा आजार सुरू झाला, म्हणजे बरे होणे. काकू खुर्चीच्या कडेवर बसत. गुडघ्याला कोंड्याच्या पुरचुंडीचा शेक झाला की मी तिळाचे तेल चोळी, आणि मग त्या टाच जमिनीवरून मागे मागे ओढीत खुर्चीखाली न्यायला लागत. जिथवर गेली तिथे मी कोळशाने रेघ ओढी. नुसत्या रेघांनी त्यांना हुरूप येईना, म्हणून त्यांनी रेघांना गावे दिली. टाच सरळ असेल ते ठाणे. जरा मागे कल्याण. त्यामागे खंडाळा, पुणे, सातारा, बेळगाव. आणि खुर्चीच्या मागच्या पायांपाशी, जिथे टाच गेली तर मांडी घालता येईल, तिथे धारवाड.

कल्याण एका दिवसात झाले. "वन्संकडे पोचायला कधी वेळ लागत नाही," काकू म्हणाल्या. खंडाळ्याला मात्र गाडी अडली. रोज शेक, रोज तेल, आणि टाच घाटाच्या अलीकडेच. काकू दात आवळून ओढीत आणि मी समोर बसून नकाशातली नावे मोठ्याने म्हणत असे, कारण तसे म्हटले की पाय सरकतो असे त्यांचे म्हणणे होते. मोठ्याने बोलायची मला फार लाज वाटे. पण त्या ओरडायच्या ऐवजी मी ओरडावे असे आमचे ठरले होते. काका बाहेर पानसुपारी खात बसलेले असत. एकदा त्यांनी आत डोकावून विचारले, "कुठवर?" काकू म्हणाल्या, "घाटात." काका म्हणाले, "मागून आणखी एक इंजिन लावतात तिथे," आणि त्यांनी आत येऊन, इकडे तिकडे पाहून, काकूंचा घोटा दोन्ही हातांत धरून हळूच मागे लोटला. खंडाळा गेला. काका लगेच बाहेर जाऊन बसले. बायकोच्या पायाला हात लावलेला त्यांनी मला एकटीलाच दिसू दिला.

सारवणाच्या दिवशी मात्र सगळा इलाखा पुसला जाई. जमीन सुकली की काकू रेघा स्वतःच ओढायला लागत. एकदा मी पाहिले तर पुणे बरेच अलीकडे आले होते.

"काकू, पुणे काल इथे नव्हतं."

"आगगाडी झाल्यापासून जवळ आलंय."

पुढे सातारा झाला. मग मुहूर्त आठवड्यावर आला, मांडव पडला, घर माणसांनी भरले आणि खुर्ची कोणीतरी ओटीवर नेली. आमच्या रेघा पाहुण्यांच्या पायांनी गेल्या. शेवटच्या दिवसांत टाच कुठवर जात होती ते मला माहीत नव्हते. काकू सांगत नव्हत्या. विचारले तर म्हणत, "तू हळद लावून घे."

लग्नाच्या दिवशी आत्याबाईंनी सुपारी धुऊन तबकात तयार ठेवली होती. भटजींनी काकांना बोलावले. काका पाटावर बसले आणि त्यांनी सुपारीकडे हात केला. तेवढ्यात काकू आल्या. शालू नेसलेल्या, पदर दोन्ही खांद्यांवर. त्यांनी ती सुपारी उचलली, तोंडात टाकली, आणि काकांच्या शेजारच्या पाटावर बसल्या. कशा बसल्या ते शालूच्या निऱ्यांत कोणाला दिसले नाही. मी अगदी समोर होते. मला फक्त त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला, आणि सुपारी दाताखाली घट्ट धरलेली दिसली. मी मान खाली घातली होती, तरी त्यांनी ओठ न हलवता मला सांगितले, "बेळगाव."

माझ्या हातावर पाण्याची धार पडली तेव्हा ती काकूंच्या हातातून पडली.

विधी संपले. भटजींनी उठायला सांगितले. काका उठले, सगळे उठले. काकू उठेनात. आधी कोणाच्या लक्षात आले नाही. मग एकीने दुसरीला खूण केली, दुसरीने डोळ्यांना पदर लावला. पोटची नाही तरी पाहा कसा जीव अडकला आहे, असे कोणीतरी म्हणाले, आणि सगळ्या बायका रडू लागल्या. आत्याबाईंना तर हुंदका आवरेना. त्या काकूंच्या शेजारी बसून म्हणाल्या, "वहिनी, मी सुपारी म्हटलं, मला क्षमा करा." मलाही रडू आले. मी नमस्काराला वाकले, तशी काकूंनी माझी मान धरून मला जवळ ओढले. सगळ्यांना वाटले, त्या मला पोटाशी धरीत आहेत. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "रडू नकोस. पाय अडकलाय. मला उठव, पण असं उठव की वन्संना वाटलं पाहिजे, मला उठायचंच नाही."

मी त्यांच्या काखांत हात घातले, त्यांनी माझ्या गळ्यात. असे आम्ही कसेबसे उभे राहिलो. चारचौघांत मी कधी मोठ्याने बोलले नव्हते, हसण्याची तर गोष्टच नको. पण नवरी असून, मुंडावळ्या बांधलेल्या असून, मी त्यांच्या खांद्यावर तोंड दाबून हसत होते, आणि त्याही हसत होत्या. भोवतीच्या बायका आम्हांला पाहून आणखीच रडत होत्या. पाय मोकळा झाला तरी काकूंनी गळ्यातले हात काढले नाहीत. त्यांचे खांदे आधी हलत होते तसेच हलत राहिले, म्हणून त्यांचे हसणे कधी संपले ते मला कळले नाही. माझी मान मात्र ओली झाली होती. मी वर पाहिले नाही. तशीच त्यांना धरून उभी राहिले, धमनी दारात येऊन बैल घुंगरे हलवू लागले तरी.